रक्ताचा डाग आणि थंड पाणी

आजीचा नियम होता, रक्ताचा डाग गरम पाण्याने धुवायचा नाही. गरम पाणी लागलं की तो धाग्यात बसतो, मग दगडावर कितीही आपटा. थंड पाणी घ्यायचं, त्यात मूठभर मीठ टाकायचं, कपडा बुडवून ठेवायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं. गुडघे फोडून घेण्यात मी पटाईत होते, त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या मोरीत माझा कुठला ना कुठला फ्रॉक मिठाच्या पाण्यात पडलेला असायचाच.

रविवारी त्याच आजीला चिकटून मी उपासनेला बसायचे. एकदा बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, सातवा अध्याय वाचला गेला. शुभ्र झगे घातलेले हे लोक कोण, असा तिथे प्रश्न येतो, आणि उत्तर मिळतं की ह्यांनी आपले झगे कोकऱ्याच्या, म्हणजे येशूच्या, रक्तात धुऊन शुभ्र केले आहेत. मी आजीच्या कानाला लागले. "आजी, रक्तात धुतल्यावर पांढरे कसे होतील?" तिने पदराआडून चिमटा काढला. घरी येताना मात्र उत्तर दिलं, "ते रक्त वेगळं." पुढे काही नाही. घरी पोचल्यावर ती चुलीकडे गेली आणि मी तो प्रश्न चाळीस वर्षं बरोबर घेऊन फिरले.

पुढे पोटापाण्यासाठी मी ज्या कामात पडले, ते बघता हा प्रश्न सुटणार नव्हताच. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दिवसभर रक्त घ्यायचं, तपासायचं, फ्रीजमध्ये लावायचं, मागणी आली की जुळवून द्यायचं. पहिल्या शिबिरात माझ्या हातात पहिली भरलेली पिशवी आली तेव्हाची गोष्ट अजून आठवते. रंगाचं काही वाटलं नव्हतं, रंग अपेक्षितच होता. ती पिशवी गरम होती. नुकत्याच झोपेतून उठलेल्या लेकराच्या अंगासारखी गरम. समोरचा माणूस खाटेवर बसून बिस्कीट खात होता आणि त्याच्या अंगातली ऊब माझ्या तळहातावर होती. काही वेळात ती पिशवी थंड होणार होती, दोन ते सहा अंशांत पस्तीस दिवस राहणार होती. पण त्या क्षणी ते द्रव्य नव्हतं, माणसाचा एक भाग होता. मला बायबलमधल्या लेवीय ह्या पुस्तकातलं वाक्य आठवलं, प्राण्याचा जीव रक्तात असतो. शाळेत असताना रविवारच्या वर्गात ते पाठ केलं होतं. पाठ केलेलं कळायला बऱ्याचदा हात भाजावा लागतो, इथे नुसता कोमट झाला.

ज्यांनी कधी बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलंय त्यांना ठाऊक असेल, गाडी लेवीयात अडकते. उत्पत्तीत गोष्टी आहेत, भावंडांची भांडणं आहेत, निर्गमात समुद्र दुभंगतो. आणि मग येतो लेवीय: चरबी, गुरदे, काळजावरचा पडदा, वेदीच्या शिंगांना रक्त लावणे, उरलेले पायथ्याशी ओतणे. भले भले इथून थेट स्तोत्रांकडे उडी मारतात. मी रात्रपाळीत वाचायचे, आणि खरं सांगते, मला ते पुस्तक घरचं वाटलं. कुठला अवयव कुठे जाईल, कोण कशाला हात लावील, हात लावल्यावर काय धुवावं लागेल, किती वेळ थांबावं लागेल. आमच्या विभागाच्या भिंतीवर चिकटवलेल्या कार्यपद्धतीची भाषा आणखी कुठली असते?

लेवीय १७:११ मध्ये जीव रक्तात असतो असं सांगून वाक्य थांबत नाही. देव म्हणतो, ते मी तुम्हांला वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलं आहे. 'मी दिलं आहे' हे शब्द मी कितीतरी वर्षं वाचून सोडून दिले होते. यज्ञ म्हटलं की आपल्या डोक्यात चित्र ठरलेलं: देव कोपला, त्याला काहीतरी द्यायचं, घ्या रक्त आणि सोडा आम्हाला. इथे देणारा उलट बाजूला आहे. रक्त मुळात माणसाचं नाहीच. खायचं नाही, शिकारीत सांडलं तरी मातीने झाकायचं, असा नियम दोनच वचनं पुढे आहे. एका ठिकाणी मात्र ते वापरायची मुभा आहे, आणि ती मुभा म्हणजे भेट आहे. हिब्रूत रक्ताला दाम म्हणतात, माणसाला आदाम, मातीला आदामा. काईनाने भावाला मारल्यावर हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं ते ह्याच भाषेत. तीन शब्द एकमेकांच्या कुशीत बसलेले.

मग हे दिलेलं रक्त करतं काय? लेवीयाचा चौथा अध्याय नीट वाचला तर एक नकाशा दिसतो, देवासाठी उभारलेल्या तंबूचा, निवासमंडपाचा. साध्या माणसाकडून नकळत पाप झालं, तर तो बकरी किंवा मेंढी आणतो आणि तिचं रक्त अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना लागतं. अधिकाऱ्याचंही तसंच, फक्त बकरा. पण अभिषिक्त याजकाकडून किंवा सगळ्या मंडळीकडून पाप झालं, तर गोऱ्ह्याचं रक्त आत, पवित्रस्थानात न्यायचं, अंतरपटासमोर सात वेळा शिंपडायचं, धूपवेदीच्या शिंगांना लावायचं. आणि वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्याही आत, परमपवित्रस्थानात. मोठ्यांची घाण खोलवर शिरते, म्हणून पुसायलाही खोल जावं लागतं. हे वाचून मला ज्यांची नावं घेता येत नाहीत असे चार साहेब आठवले.

आणि ह्या सगळ्यात ज्याने पाप केलं त्याच्या अंगावर रक्ताचा थेंबही पडत नाही.

हे मी स्वतः शोधलं असं सांगायला आवडलं असतं. पण लेवीयावर उभं आयुष्य घालवणारे ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम ह्यांनी ते मांडलं आहे. त्यांचं म्हणणं असं की आपण ज्याला पापबली म्हणतो तो खरं तर शुद्धीचा बली. माणसाची पापं आणि अशुद्धता हवेतून जाऊन निवासमंडपाला चिकटतात, तिथे साचतात, आणि जास्त साचल्या की देव ते घर सोडून निघून जाईल अशी भीती. रक्त माणसासाठी नाही, घरासाठी आहे. याजक म्हणजे झाडलोट करणारा आणि रक्त म्हणजे साबण. 'प्रायश्चित्त करणे' ह्या अर्थाचा जो हिब्रू धातू आहे, क-प-र, तोच अक्कादी भाषेत पुसणे, घासून काढणे ह्या अर्थाने येतो. बाबिलोनमध्येही वर्षारंभाच्या उत्सवात मेंढ्याच्या धडाने देवळाच्या भिंती पुसून ते नदीत सोडत. सगळ्याच अभ्यासकांना मिलग्रोम पूर्ण पटलेले नाहीत, आणि क-प-र ला खंडणी, झाकणे असेही अर्थ चिकटलेले आहेत. पण मोरीत भिजत पडलेला फ्रॉक ज्याने पाहिलाय त्याला हे वाचून हायसं वाटतं. लहानपणापासून मी प्रवचनांत कोर्टाची भाषा ऐकत आले: गुन्हा, शिक्षा, दंड, कुणीतरी दुसऱ्याने भरला. लेवीयात कोर्टापेक्षा मोरीची भाषा जास्त आहे.

प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी लेवीय १६ मध्ये आहे. महायाजक अहरोन त्या दिवशी सोन्याच्या कामाची भरजरी वस्त्रं काढून ठेवतो आणि साधं तागाचं घालतो. आधी स्वतःसाठी गोऱ्हा. मग मंडळीसाठी दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या, एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात धाडायला. आत जाताना धुपाचा ढग आधी, म्हणजे कराराच्या कोशावरचं झाकण, दयासन, धुरात झाकलं जाईल आणि आत गेलेला माणूस जिवंत बाहेर येईल. मग बोटाने रक्त, दयासनाच्या पुढच्या बाजूला एकदा आणि समोर सात वेळा. शेवटी त्या दुसऱ्या, जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळी पापं बोलून दाखवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. हा बकरा कापत नाहीत. पुसून काढलेला कचरा गावाबाहेर नेऊन टाकायला कुणीतरी लागतो, तसा तो.

लेवीय एवढंच सांगतो. पण यरुशलेमच्या मंदिरात हे प्रत्यक्षात कसं चालायचं ह्याच्या आठवणी मिश्ना ह्या ज्यूंच्या नियमसंग्रहात आहेत. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं आणि मिश्ना सुमारे २०० साली संकलित झाली, म्हणजे त्यात खरं किती आणि आठवणीने रंगवलेलं किती ह्यावर वाद आहेत. मला त्यातलं एक वाक्य मात्र डोळे झाकून खरं वाटतं, कारण ते सुचायला रक्ताशी काम केलेलं असावं लागतं.

अडचण बघा. महायाजक गोऱ्हा कापतो, रक्त पात्रात धरतो. पण लगेच ते आत नेता येत नाही, आधी धूप घेऊन जायचं आहे. निखारे घ्या, ओंजळभर धूप घ्या, आत जा, धूर भरेपर्यंत थांबा, परत या. तेवढ्यात रक्ताचं काय होईल? पाच-दहा मिनिटांत गोठेल. दह्यासारखं. गोठलेलं रक्त शिंपडता येत नाही. म्हणून महायाजक ते पात्र एका माणसाच्या हातात देतो आणि तो माणूस फरसबंदीवर उभा राहून रक्त ढवळत राहतो. गोठू नये म्हणून. बस, एवढंच त्याचं काम.

मिश्नातलं हे वाक्य पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटलं आणि समोरच्या यंत्राकडे बघितलं. दात्याची पिशवी आम्ही ज्या छोट्या पाळण्यावर ठेवतो, तो सारखा हलत असतो, डावीकडे, उजवीकडे. पिशवीत आधीच ४९ मिलिलिटर द्राव असतो, रक्त गोठू न देणारा. येणारं ३५० मिलिलिटर रक्त त्यात मिसळत राहावं म्हणून तो पाळणा. वीज गेली की आम्ही तेच हाताने करतो. शिबिरात, शाळेच्या वर्गात बाकं जोडून, घामाघूम होऊन, पिशवी हलक्या हाताने झुलवत किती वेळा उभी राहिले आहे मी. आत महायाजक आहे, धूर आहे, देव आहे. बाहेर एक बिननावाचा माणूस पात्र ढवळतोय. त्याला आत काय चाललंय ते कधीच दिसणार नाही. सगळ्या बायबलात आणि त्याच्या भोवतीच्या साहित्यात मला माझी जागा सापडली ती इथे.

महायाजक परत येतो, पात्र घेतो, आत जातो आणि शिंपडताना मोजतो. तेही मिश्नात आहे: एक, एक आणि एक, एक आणि दोन, असं एक आणि सातपर्यंत. वर एक, खाली सात. चूक होऊ नये म्हणून मोठ्याने मोजणं. आम्ही पिशवीवरचा क्रमांक दोघींनी मोठ्याने वाचतो, तसंच. आणि शेवटी सगळं उरलेलं रक्त नाल्यावाटे किद्रोनच्या ओढ्याला जाई, तिथले माळी ते खत म्हणून विकत घेत. फुकट नेलं तर देवाची वस्तू चोरल्याचा दोष. जगातला सगळ्यात पवित्र द्रव दुपारनंतर कुणाच्या तरी वाफ्यात, पैसे मोजून. मला हा शेवट फार आवडतो.

खाण्याचं राहिलं. माझ्या आजोबांना रक्ती आवडायची. बोकड कापला की परातीत धरलेलं रक्त मिठाच्या पाण्याने थिजवायचं, वड्या पाडून उकडायच्या, मग कांद्यावर तिखटात परतायच्या. ज्या घरात सकाळी लेवीय वाचला जाई त्याच घरात दुपारी रक्ती होई आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नसे. खरं तर नव्या करारातही, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये, यरुशलेमची मंडळी परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर जी थोडकी बंधनं ठेवते त्यात रक्त वर्ज्य करा हे आहेच. आजोबांना मी हे कॉलेजात असताना सुनावलं. ते म्हणाले, "पौल प्रेषित नगरला आला असता तर त्याला वाढली असती."

पुण्यात आल्यावर रास्ता पेठेत एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मावशींशी ओळख झाली. कोकणातल्या, अलिबागकडच्या. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना तिकडे शनिवार तेली म्हणत, ते हे लोक. बोलणं आमच्यासारखंच, साडी, कोकम, नारळ सगळं तेच. त्यांच्या स्वयंपाकघरात मी मटण धुताना पाहिलं. आधी अर्धा तास पाण्यात. मग तिरक्या फळीवर मांडून सगळ्या बाजूंनी जाड मीठ चोळायचं आणि एक तास तसंच ठेवायचं. मीठ हळूहळू गुलाबी होतं आणि फळीच्या खालच्या टोकाशी थेंब थेंब गळतं. मग तीन पाण्यांतून धुवायचं. मी विचारलं, इतका वेळ रोज? मावशी म्हणाल्या, "अगं, मांस आपलं, रक्त आपलं नाही." पाटा-वरवंट्याकडे वळत, हे काय विचारायचं, अशा सुरात.

आजीचं मीठ आणि मावशींचं मीठ. दोघींनी लेवीयावर कधी प्रवचन केलं नाही.

त्याच मावशींनी सांगितलं की प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांचे जुने लोक कोकणात दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास, कुणाशी संबंध नाही. मंदिर नाही, वेदी नाही, बकरे नाहीत, हजारो मैलांवर अरबी समुद्राच्या काठी दार लावून बसलेली माणसं. आणि त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं असं, की वल्हांडणाच्या सणाला बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवत आणि तो दारावर लावत. मिसर देशातून निघण्याच्या रात्री इस्राएलांनी एजोब ह्या झुडपाची जुडी रक्तात बुडवून चौकटीला लावली, त्याची ती खूण. मंदिर पडल्यावर रक्ताचं काय करायचं हा प्रश्न सगळ्याच ज्यूंपुढे होता. रब्बी योहानान बेन जक्काई भग्न मंदिराजवळून जात असताना त्यांचा शिष्य यहोशवा रडू लागला, आता आमच्या पापांचं काय होणार म्हणून. योहानान म्हणाले, तितकंच समर्थ दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कामं. होशेय संदेष्ट्याचं वचन त्यांनी आधाराला घेतलं: मला यज्ञ नको, दया हवी.

इथपर्यंत मी लेवीयाची बाजू घेत आले. आता दुसरं.

त्याच पुस्तकाचे बारा आणि पंधरा हे अध्याय. मुलगा झाला तर बाई चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी. पाळी आली की सात दिवस, तिने ज्यावर बसावं ते अशुद्ध, त्याला हात लावणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. वेदीवर जे रक्त घर धुतं, ते बाईच्या अंगातून आलं की घर विटाळतं. वयाच्या पंचविशीत मी हे वाचून पुस्तक आपटलं होतं. आमच्या घरात शेजारच्यांसारखं बाजूला बसणं नव्हतं, त्याचा आम्हाला तोराही होता. पण त्या दिवसांत प्रभुभोजनाच्या वेळी आजी माझा हात धरून मला बाकावर बसवून ठेवायची. "पुढच्या महिन्यात घे." का, ते सांगायची नाही. सांगायची गरजच नसायची.

मिलग्रोमकडे ह्याचंही उत्तर आहे. प्रेत, त्वचारोगाने पांढरं पडलेलं अंग, रक्तस्राव, पुरुषाचं वीर्यही, ज्या ज्या गोष्टी अशुद्ध ठरतात त्या जीव निसटत असल्याच्या खुणा आहेत. अहरोनाच्या बहिणीला, मिर्यामला, कोड फुटतं तेव्हा अहरोन म्हणतो, तिला मेलेल्या बाळासारखी होऊ देऊ नकोस. देवाचं घर जिवाचं, म्हणून मरणाची सावली तिथे नको. नेहमीच्या पाळीला कुठलाही बली सांगितलेला नाही, पापाचा शब्द नाही, आणि पुरुषालाही पंधराव्या अध्यायात भरपूर काम लावलं आहे. उत्तर हुशार आहे. मुलीला दुप्पट दिवस का, इथे मात्र ते माझ्यासाठी लंगडं पडतं. आमच्या दात्यांच्या फॉर्मवरही बायकांना पाळीचं विचारतात, साडेबाराच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्यांना परत पाठवतात. फरक इतकाच की आम्ही कारण सांगतो आणि गोळ्या लिहून देतो.

म्हणून मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली ती बाई मला सगळ्यात जवळची. बारा वर्षं रक्तस्राव, सगळा पैसा वैद्यांच्या घशात, गुण काही नाही उलट जास्तच. ती गर्दीतून मागून येऊन वस्त्राला शिवते. इथे वाचणारे नेहमी विटाळाकडे बघतात, मी बारा वर्षांच्या हिमोग्लोबिनकडे बघते. तिला उभं राहता येत होतं हेच नवल. येशू गर्दी थांबवतो, विचारतो कोण शिवलं, आणि ती थरथरत पुढे आल्यावर तिला 'मुली' म्हणतो. अशुद्ध झालो असं म्हणत नाही, अंघोळीला जात नाही. तिथून तसाच बारा वर्षांच्या एका मेलेल्या मुलीचा हात धरायला जातो.

नव्या करारातलं रक्ताचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य इब्री लोकांस पत्रात आहे, रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही. प्रवचनात ते मुठी आपटून सांगतात. पण त्याच वचनाच्या सुरुवातीला ग्रीकमध्ये 'जवळजवळ' असा शब्द आहे, नियमशास्त्राप्रमाणे जवळजवळ सगळं रक्ताने शुद्ध होतं. लिहिणाऱ्याला लेवीय तोंडपाठ होता, त्याला ते 'जवळजवळ' टाकावंच लागलं. कारण लेवीयाच्या पाचव्या अध्यायात गरिबासाठी सूट आहे. मेंढी परवडत नसेल तर दोन पारवे किंवा होले. तेही परवडत नसतील तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, म्हणजे अंदाजे दोनेक लिटर. तेल नाही, धूप नाही. आणि त्याची क्षमा होते. रक्ताचा थेंब न सांडता. मरीया बाळ येशूला घेऊन मंदिरात गेली तेव्हा तिने पाखरांचीच जोडी दिली, शुभवर्तमान लिहिणारा लूक हे सांगतो आणि पुढे जातो. मेंढी परवडणारं घर नव्हतं ते.

आणि जाणूनबुजून केलेलं पाप? त्याला सहसा बलीच नाही. राजा दाविदाने उरियाला मारवलं, त्याची बायको घेतली. एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो, तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी दिला असता. मागतो काय तर एजोबाने मला शुद्ध कर. तिथला हिब्रू शब्द पापबलीच्याच धातूतला आहे. मला धू म्हणतो तेव्हा शब्द वापरतो तो धोब्याचा, कपडे तुडवून धुण्याचा.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात तर एक प्रकरण असं आहे की ते वाचून आमच्याकडचा कुठलाही हवालदार मान डोलवील. शिवारात प्रेत सापडलं, मारणारा माहीत नाही. वडीलधारे आणि न्यायाधीश येऊन आसपासच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. हद्दीचा वाद! पण आपल्याकडे अंतर मोजतात ते अंग काढून घ्यायला. तिथे जे गाव जवळ निघेल त्याने जबाबदारी घ्यायची. न जुंपलेली कालवड, वाहत्या पाण्याचं खोरं, न नांगरलेली जमीन, तिथे तिची मान मोडायची आणि गावच्या वडिलांनी तिच्यावर हात धुऊन म्हणायचं, आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. पुढे येशूचा न्याय करताना पिलातानेही पाणी मागवून हात धुतले, फक्त त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक शिकाऊ मुलगी आली. हुशार, घाईची. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून नळी सुटली आणि फरशीवर हातभर रक्त सांडलं. तिचा चेहरा पांढरा. मी तिला बाजूला केलं, हातमोजे चढवायला लावले. वर गॉज टाक. आता हायपोक्लोराइट ओत, कडेकडून मध्ये. ती लगेच पुसायला वाकली.

"थांब. वीस मिनिटं."

"वीस? मॅडम, दिसत तर नाहीये आता काही."

गणना नावाच्या पुस्तकातल्या त्या तांबड्या कालवडीची मला आठवण झाली. गणना १९. तिची राख पाण्यात कालवून विटाळलेल्यावर शिंपडतात, तो शुद्ध होतो, पण ती राख गोळा करणारा मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध. शतकानुशतकं लोक ह्या कोड्यावर डोकं खाजवत आले. मुलीला मी सांगत होते, हे गॉज पिवळ्या पिशवीत, ती जळायला जाते. हातमोजे लाल पिशवीत. मग कोपरापर्यंत हात. ज्याने पुसलं तेच आता घाण, कळलं ना? प्रायश्चित्ताच्या दिवशी त्या गोऱ्ह्याचं आणि बकऱ्याचं कातडं, मांस, शेण छावणीबाहेर नेऊन जाळायचे, आणि जाळणाऱ्याने कपडे धुऊन, अंघोळ करून मगच आत यायचं.

तिने मान हलवली. आम्ही दोघी त्या पांढऱ्या झालेल्या गॉजच्या दोन बाजूंना उभ्या होतो. पाळण्यावर दुसऱ्या दात्याची पिशवी झुलत होती, डावीकडे, उजवीकडे. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"अजून चौदा," ती म्हणाली.